एकाहत्तरावे पान

सख्यांनो, मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात आपल्या अहेरीकडच्या बायांची बोटे कशी चालतात, ते बघण्यासारखे असते. बोलता बोलता ७० पानांचा पुडा बांधून मोकळ्या! आणि त्याच बाया मुलीचे नववीचे पुस्तक समोर आले की म्हणतात, "ताई, आमच्याकडे गणिताचं डोकं नाही. पोरीलाही ते कशाला?" मला हे मुळीच पटत नाही.

ते ७० च घ्या. दोन, पाच, सात, दहा, चौदा, कसेही सारखे ढीग पडतात. त्यात एक पान वाढवा. ७१ चे सारखे ढीग करून दाखवा बरं! एकेक पान सुटे ठेवा, नाहीतर सगळी एकाच ढिगात. अशा हट्टी संख्येला शाळेत मूळ संख्या म्हणतात.

संख्यांचे असे वेड लागलेला माणूस आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. पदवीपुढचे शिक्षण नाही, म्हणून इथल्या विद्वानांनी फारसे विचारले नाही. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी लिहिले, तेव्हा जगात नाव झाले. नुसत्या एकांच्या संख्येचा खेळ त्यांच्या आवडीचा. ११ गुणिले ११ म्हणजे १२१, १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. चढायचे आणि उतरायचे! अशांना त्यांनी डेम्लो संख्या नाव दिले. त्यातली ११ ही मूळ संख्या. १११ मात्र नाही, ती ३ गुणिले ३७. पुढे एक वाढवत गेलात, तर थेट १९ एक ओळीने लिहिल्यावरच पुन्हा मूळ संख्या भेटते. मग २३ एकांची, आणि त्यानंतर एकदम ३१७ एकांची!

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरंटला जी सापडली, तिच्यात तर ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० आकडे आहेत. १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ वेळा दोन मांडून गुणायचे आणि एक वजा करायचा.

एवढी मोठी काही कामाची नाही म्हणा. पण साधारण ३०० आकड्यांच्या दोन मूळ संख्या गुणून बँकांची गुप्त कुलुपे तयार होतात. गुणाकार संगणक क्षणात करतो, पण उत्तरावरून त्या दोन संख्या शोधणे आजच्या संगणकांना जमत नाही. मजुरी जमा झाली का, हे मोबाइलवर बघता ना? त्या व्यवहाराच्या राखणीला अशी कुलुपे असतात.

लहान संख्या फोडायला मात्र वही-पेन्सिल पुरते. अहेरीचा पिनकोड ४४२७०५. पाचाने भाग जातो, हे शेवटच्या आकड्यावरूनच कळते. उरले ८८५४१. इथे मुली अडकतात. तीन नाही, सात नाही, अकरा नाही... नेट धरला तर ३७ ने जातो आणि राहते २३९३. आता त्याचे ढीग पडतात का, ते लेकीला घेऊन बघा. ४७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे.