शिल्लक रजेचें वेतन

नोकरी सोडणारा कामगार शेवटचा पगार मोजून घेतो. शिल्लक रजेचा हिशेब मात्र पुष्कळदां मालकाच्या वहींतच राहतो. वस्तुतः ही रजा म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे. ती श्रमानें सांठविलेली ठेव होय.

१९४८ च्या कारखाना कायद्यानें दर २० दिवसांच्या कामामागें १ दिवस भरपगारी रजा ठरविली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आलेल्या नव्या श्रमसंहितेंतहि प्रमाण तेंच आहे. मात्र वर्षांत २४० ऐवजीं १८० दिवसांचें काम पुरतें. नोकरी मध्येंच सुटल्यास ही अटहि आड येत नाहीं. समजा, सोलापूरच्या एखाद्या कापडाच्या कारखान्यांतील विणकरानें जानेवारीपासून १६० दिवस काम करून नोकरी सोडली. त्याची रजा ८ दिवस झाली. पैकीं ३ दिवस भोगली असल्यास ५ दिवसांचें वेतन त्याचें येणें. तें कामाच्या दुसऱ्या दिवसाच्या आंत चुकतें झालें पाहिजे.

मागणी लेखी करावी, हजेरीचे दिवस नमूद करावे, तारीख घालून प्रत जपून ठेवावी. दाद न लागल्यास ३ वर्षांच्या आंत नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे दावा करतां येतो. पांच दिवसांचा पगार म्हणजे घरांतलें कित्येक दिवसांचें धान्य. हक्काचें मागणें ही याचना नव्हे.