निवडणुकीतला बिनपगारी गडी



निवडणूक लागली की गावातली पोरे पारावर जमतात आणि उमेदवाराला पहिला प्रश्न टाकतात, "दादा, पेट्रोलचं काय?" दुसरा प्रश्न रात्रीच्या जेवणाचा. शिवारफेरीत आम्ही हे कानांनी ऐकतो. पोरांना नावे ठेवण्यात अर्थ नाही, सवय मोठ्यांनीच लावली. पण बिनपगारी कार्यकर्त्याच्या अंगात काय बळ असते हे पाहायचे, तर घाट उतरून पनवेलकडे जावे लागेल.

पनवेलशेजारी करंजाडे म्हणून गाव आहे. आपल्यापैकी काहींची मुले नोकरीपायी त्या बाजूला राहतात. आज तिथे सिडकोच्या इमारती आहेत, आणि विमानतळासाठी उठलेल्या गावांतील कुटुंबांनाही वडघर-करंजाडे भागात भूखंड मिळाले. पूर्वी ही सारी भातशेतीची आणि मिठागरांची पट्टी. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातील 95 गावांच्या जमिनींवर संपादनाची वेळ आली. ज्याची जमीन जाते त्याच्या हातात उरते ते मत. आपल्याला उसाच्या फडात उभे राहून हे पटकन उमजत नाही.

या भागाचे पुढारी दिनकर बाळू पाटील, म्हणजे दि. बा. पाटील. गाव जासई, पेशा वकिली, पक्ष शेतकरी कामगार. 1957 साली ते पनवेलमधून प्रथम आमदार झाले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे वारे होते. जानेवारी 1984 मध्ये जमिनीच्या भावासाठी जासई परिसरात मोठे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक आली. इंदिराजींच्या हत्येनंतरची ती लाट! महाराष्ट्रात 48 पैकी 43 जागा काँग्रेसने नेल्या. कुलाबा मतदारसंघातून मात्र दि. बा. निवडून आले. नुसत्या भाषणांनी अशा लाटेत माणूस तरत नाही, घरोघर फिरणारी माणसे लागतात, असे आमचे मत. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण पुढे याच लढ्यातून आले.

आता घरोघर फिरायचे म्हणजे काय? पहिले काम मतदारयादी वाचण्याचे. कंटाळवाणे आहे, म्हणून ते कुणी करीत नाही. मिरवणुकीला मात्र शंभर जण. मयत कोण, लग्न होऊन आलेली सून यादीत आहे का, हे गावातल्या माणसालाच ठाऊक. विधानसभा-लोकसभेला मतदाराला द्यायची चिठ्ठी कोऱ्या पांढऱ्या कागदावर हवी, तीवर उमेदवाराचे नाव वा निशाणी चालत नाही. मतदान संपण्यापूर्वीच्या 48 तासांत जाहीर सभा बंद. केंद्राच्या 100 मीटर आत प्रचार नाही. उमेदवाराने भाड्याच्या गाडीतून मतदार आणणे हा 1951 च्या कायद्याने भ्रष्टाचार ठरतो (जीपवाल्यांनी हेही ध्यानात घ्यावे). मतदान प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्याने चाचणी मतदानाला पहाटेच हजर राहावे आणि संध्याकाळी झालेल्या मतांच्या हिशेबाची प्रत, नमुना 17-ग, घेतल्याशिवाय उठू नये. अर्धे प्रतिनिधी चहाला जातात ते तिकडचेच होतात.

आता घरची गोष्ट. कारखान्याची निवडणूक आली की सभासद आम्हाला बांधावर गाठून विचारतात, "साहेब, त्या पॅनेलचं काम केलं तर ऊस मागं ऱ्हाईल का?" आम्ही नोकर माणसे, कुठल्या पॅनेलचे नाव आम्ही घेणार नाही आणि आम्हाला कुणी घ्यायलाही लावू नये. तोडीची पाळी लागणीच्या नोंदीवरून आणि उसाच्या पक्वतेवरून लागते, पत्रक कुणी वाटले यावरून नव्हे. पाळी चुकली असे वाटले तर नोंदीची पावती घेऊन लेखी तक्रार करावी, पोच घ्यावी. तोंडी रागावून गेलेल्या माणसाची बाजू पुढे कुणालाच मांडता येत नाही.

सहकारी संस्थांची प्रारूप मतदारयादी प्रसिद्ध झाली की हरकतीला ठरावीक मुदत असते. वडील वारले, शेअर अजून त्यांच्याच नावावर, आणि मुलगा मात्र प्रचारात पुढे, अशी घरे आम्हाला गटागटांत दिसतात. अशा घरांनी मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि शेअरचा दाखला घेऊन वारसनोंद आधी करून घ्यावी. तरुण कार्यकर्त्यांनी आपल्या गल्लीतली अशी नावे काढून दिली तर निवडणुकीचे निम्मे काम उरकले म्हणून समजा.