वेळ कमी असेल तर कोणता कन्सोल?

आधी काय पाहतात: नोकरी आणि घर सांभाळून खेळणाऱ्यांसाठी ताकदीइतकेच दोन प्रश्न मोलाचे ठरतात. टीव्ही कधी मोकळा मिळतो? आणि खेळ मध्येच सोडता येतो का?

• टीव्हीला जोडलेले: प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस. तिन्ही नोव्हेंबर २०२० मधले. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला.

• दोन्हीकडे चालणारे: निन्टेन्डो स्विच (३ मार्च २०१७). डॉकमध्ये ठेवला की टीव्हीवर, उचलला की ६.२ इंची पडद्यावर. स्विच २ (५ जून २०२५) चा पडदा ७.९ इंची.

• हातातला पीसी: स्टीम डेक (फेब्रुवारी २०२२). स्टीमवर आधीच घेतलेले बरेच खेळ पुन्हा विकत न घेता चालतात, सगळे नाहीत.

• खेळ थांबवणे: स्विच आणि स्टीम डेकवर पॉवरचे बटण दाबले की खेळ जागच्या जागी थांबतो, पुन्हा दाबले की तिथूनच सुरू. एक्सबॉक्सचे ‘क्विक रिझ्यूम’ एकाहून अधिक खेळ असे राखून ठेवते. ऑनलाइन सामना मात्र कुठेच थांबत नाही.

ताकदीचा आक्षेप: बॅटरी आणि उष्णता यांमुळे हातातल्या यंत्राची ताकद कमी असते, हे खरे. पण लहान पडद्याची गरजही कमी असते. स्टीम डेकचा पडदा १२८०×८०० पिक्सेलचा, तर फोर-के टीव्ही ३८४०×२१६० चा, म्हणजे सुमारे आठपट. त्यामुळे कमी ताकदीतही चित्र स्वच्छ दिसते. मोठ्या टीव्हीवर जोडल्यावर फरक जाणवतो.