काचांसाठी शुद्ध पाणी : आर.ओ. यंत्राची निवड आणि निगा

शाळा, सभागृहे, दवाखाने, बँका आणि गृहसंकुले यांच्या दर्शनी भागांत अलीकडे काचेचा वापर फार वाढला आहे. या काचा स्वच्छ ठेवणे हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. लांब दांड्याच्या टोकाला ब्रश, ब्रशमधून वाहणारे शुद्ध पाणी आणि जमिनीवर उभा राहून काम करणारा माणूस, अशी ही पद्धत आहे. ब्रिटनमध्ये ती सर्रास वापरली जाते आणि आता आपल्या शहरांतही दिसू लागली आहे. कर्ज काढून या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या तरुणांना, तसेच संस्थांच्या इमारतींची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींना उपयोगी पडावी, या हेतूने आम्ही येथे थोडी माहिती देत आहोत.

डाग का पडतात?

नळाचे किंवा विहिरीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार विरघळलेले असतात. काचेवरचा थेंब सुकला की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. तोच पांढरा डाग होय. या क्षारांचे एकूण प्रमाण म्हणजे टीडीएस. ते लिटरमागे मिलिग्रॅममध्ये सांगतात आणि खिशात मावणाऱ्या मीटरने क्षणात मोजता येते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ५०० ही इष्ट मर्यादा ठरवली आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. काचेचा न्याय मात्र वेगळा आहे. पुसल्याविना डागरहित सुकायची असेल तर टीडीएस शून्याजवळ हवा. १० च्या वर गेला की डाग दिसण्याचा संभव असतो. म्हणजेच पिण्यास उत्तम असलेले पाणी काचेला चालेलच असे नाही.

यंत्राचे कार्य

आर.ओ. यंत्रात पाणी दाबाखाली एका अतिसूक्ष्म पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून ढकलले जाते. पाणी पलीकडे जाते आणि बहुतांश क्षार अलीकडे राहतात. व्यवहारात उपयुक्त ठरलेला असा पहिला पडदा सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात तयार केला. आजचा चांगला पडदा सुमारे ९५ ते ९८ टक्के क्षार अडवतो. उरलेले क्षार रेझिनच्या नळकांड्यात टिपले जातात आणि टीडीएस शून्यावर येतो.

मग थेट रेझिनच का वापरू नये? रेझिनची क्षार धरण्याची शक्ती मर्यादित असते. ३०० टीडीएसचे पाणी आधी आर.ओ. मधून काढून १५ वर आणले, तर तेच रेझिन सुमारे वीस पट पाणी शुद्ध करते. रेझिनवरचा खर्च वाचवणे हे आर.ओ. यंत्राचे मुख्य काम आहे.

निवड करताना

सर्वप्रथम आपल्या पाण्याचा टीडीएस मोजावा, तोही पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात निरनिराळा. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांतून येणारे पाणी मुळात हलके असते. तेथे लहान कामासाठी केवळ रेझिन पुरेसे ठरू शकते. या उलट वसईसारख्या किनारपट्टीवर अनेक विहिरींचे पाणी मचूळ वा खारट झाले आहे. २००० टीडीएसच्या पाण्यातून ९७ टक्के क्षार अडवले तरी ६० उरतात आणि रेझिन झपाट्याने संपते. अशा ठिकाणी शक्य तो पालिकेचे पाणी निवडावे.

दुसरा प्रश्न क्षमतेचा. ब्रशमधून मिनिटाला दीड लिटर पाणी गेले तर चार तासांच्या कामाला ३६० लिटर लागतात. स्वयंपाकघरातील यंत्र बहुधा तासाला बारा लिटरच्या आसपास पाणी देते. म्हणजे एका दिवसाच्या कामासाठी ते तीस तास चालवावे लागेल. शिवाय अशा अनेक यंत्रांत चवीसाठी क्षार पुन्हा मिसळले जातात, म्हणून ती या कामास निरुपयोगी आहेत. बाजारात ४०४० या नावाने ओळखला जाणारा, चार इंच व्यासाचा व चाळीस इंच लांबीचा मेम्ब्रेन योग्य पंपावर तासाला सुमारे २५० लिटर देतो. एका गाडीच्या व्यवसायाला तो पुरतो.

विक्रेता ‘सॉफ्टनर घ्या, काम होईल’ असे सांगेल, तर सावध राहावे. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम आणतो. पाणी मृदू होते, पण टीडीएस घटत नाही आणि डाग पडतातच. पाणी फार जड असल्यास मेम्ब्रेनवर थर बसू नये म्हणून तो आर.ओ. च्या आधी जोडणे मात्र योग्य.

निगा

मेम्ब्रेन लवकर निकामी होण्याची मुख्य कारणे तीन : गाळ, क्लोरीन आणि क्षारांचा थर. गाळासाठी पाच मायक्रॉनचा फिल्टर आणि क्लोरीनसाठी कार्बन फिल्टर आधी असलाच पाहिजे. पालिकेच्या पाण्यातील क्लोरीन मेम्ब्रेनची कायमची हानी करते, म्हणून कार्बन फिल्टर बदलण्यात चालढकल करू नये. नवा मेम्ब्रेन बसवल्यावर सुरुवातीचे पाणी टाकून द्यावे. रोज काम संपल्यावर पडदा पाण्याने खळबळून घ्यावा. एकदा भिजलेला मेम्ब्रेन सुकू देऊ नये. यंत्र महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर तो परिरक्षक द्रावणात ठेवावा.

एका वहीत दररोज तीन आकडे लिहावेत : येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, आर.ओ. नंतरचा आणि रेझिननंतरचा. दुसरा आकडा वाढू लागला तर मेम्ब्रेन थकला. तिसरा वाढला तर रेझिन संपले. ही वही असली म्हणजे दुरुस्तीवाल्याच्या शब्दावर विसंबून अकारण सुटे भाग बदलावे लागत नाहीत.

नाकारलेले पाणी

लहान यंत्रांत शुद्ध पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे एक ते तीन लिटर पाणी बाहेर टाकले जाते. पिण्याच्या पाण्याच्या संदर्भात राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये याच उधळपट्टीवर बोट ठेवले होते. जेथे शेजारी टँकरची वाट पाहतात, तेथे हे पाणी गटारात सोडणे शोभणारे नाही. ते टाकीत साठवून फरशी, शौचालये व गाड्या धुण्यासाठी वापरावे. त्यात क्षार अधिक असल्याने झाडांना घालू नये आणि विहिरीतही सोडू नये.

जिवाची काळजी

या पद्धतीचा खरा लाभ म्हणजे तीन-चार मजल्यांपर्यंत शिडी वा दोर न लागता काम होते. परंतु ॲल्युमिनियम आणि कार्बन फायबरच्या दांड्यांतून वीज वाहते. जवळून विजेच्या तारा जात असतील तेथे दांडा उभारूच नये. जुन्या रंगीत, शिसपट्टीत बसवलेल्या काचांवरही हा ब्रश चालवू नये. ते काम जाणकारांवर सोपवावे.

यंत्र घेण्यापूर्वी महिनाभराचे काम, पाण्याचा स्रोत आणि फिल्टर-रेझिनचा आवर्ती खर्च कागदावर मांडावा. हा हिशेब जमला तरच कर्जाच्या अर्जावर सही करावी, असे आम्हांला वाटते.