महाविद्यालयीन लोककला आणि सोलापूरचा श्रोता
सोलापूरचे शाहीर राम जोशी (१७६२-१८१२) यांनी लावणीत मराठीसोबत संस्कृत व कानडीही योजली. बहुभाषिक श्रोता त्यांच्या रचनेतच गृहीत आहे. महाविद्यालयीन युवा महोत्सवात लोककला स्पर्धेचा विषय होते, तेव्हा नेमका हा श्रोताच दुरावतो. वेळ ठरलेली, समोर परीक्षक. संहिता आधीच बंदिस्त. पथनाट्याची तर जागाच हरवते, रस्त्यावरचे नाट्य रंगमंचावर! हाच संच राष्ट्रीय सेवा योजनेच्या (स्थापना १९६९) ग्रामीण शिबिरात, किंवा पूर्वभागातील तेलुगू भाषिक विणकरांच्या वस्तीत उभा राहिला, की प्रतिसादानुसार निरूपण लांबते, उदाहरण बदलते, मध्येच एखादा तेलुगू शब्द येतो. भारुडाची बरीचशी संहिता अशी समोरून घडते. छापील प्रतीत ती सापडत नाही.