रीमॅप: पिकअपच्या हौसेची दोन दशके

इंजिनात किती इंधन सोडायचे, नेमके केव्हा सोडायचे आणि टर्बोने हवेचा दाब किती वाढवायचा, हे आजच्या मोटारीत ईसीयू नावाचा संगणक ठरवतो. त्याच्या स्मृतीत आकड्यांचे तक्ते असतात आणि इंजिनाच्या फेऱ्या व ॲक्सिलरेटरवरचा दाब पाहून तो त्यातला आकडा उचलतो. कंपनीने भरलेले हे तक्ते बदलून घेणे म्हणजे रीमॅप. तो करून घेण्यात अर्थ आहे का, या प्रश्नाचे उत्तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बदलत गेले आहे.

1 एप्रिल 2000 पासून देशभर नवे प्रदूषण निकष लागू झाले आणि पेट्रोल मोटारींतून कार्ब्युरेटर मागे पडला. तोवर गॅरेजमध्ये जेट बदलून आणि स्क्रू फिरवून ‘सेटिंग’ होत असे. एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने इंधन फवारणारी यंत्रणा, आल्यावर ते काम लॅपटॉपकडे गेले. पण टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात रीमॅपने पाच-सात टक्क्यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही, कारण इंजिन ओढते तेवढीच हवा त्याला मिळते. एवढ्यासाठी हजारो रुपये मोजणे तेव्हाही पटण्याजोगे नव्हते.

खरी गंमत टर्बो डिझेलने आणली. 2001 मध्ये आलेल्या श्कोडा ऑक्टाव्हियाच्या डिझेल आवृत्तीने हौशी मंडळींना पहिली चव दिली, आणि 2007 मध्ये मारुती स्विफ्ट डिझेल आल्यावर हा नाद मध्यमवर्गापर्यंत पोचला. स्विफ्टमधले फियाटचे 1.3 लिटरचे मल्टिजेट इंजिन पुणे जिल्ह्यात रांजणगावलाही बनत होते. ताकद 75 पीएस, टॉर्क 190 न्यूटन मीटर, ॲव्हरेज उत्तम. खोट एकच होती: मिनिटाला साधारण 2000 फेऱ्यांच्या खाली ते ओढत नसे.

ही खोट पुण्याच्या नारायण पेठेत जितकी जाणवे तितकी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कधीच जाणवत नसे. लक्ष्मी रस्त्यावरून बोळात वळताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, फेऱ्या हजार-बाराशे. समोर दुचाकी थबकते, मागून रिक्षावाला हॉर्न देतो. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी क्षणभर हलत नाही. पहिला टाकावा तर हिसका बसतो. चांगला रीमॅप 1500 ते 2000 फेऱ्यांच्या टप्प्यात इंधन आणि टर्बोचा दाब मेळ घालून वाढवतो, त्यामुळे हा अडखळता टप्पा आखूड होतो. पेठेत राहणाऱ्याला रीमॅपचा खराखुरा लाभ झाला तो एवढाच. 1500 च्या खाली मात्र टर्बो फिरवायला पुरेसा धूरच नसतो, तिथे कोणताही तक्ता उपयोगी पडत नाही. हवा न वाढवता नुसते इंधन ओतले की सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. रीमॅपऐवजी बसवल्या जाणाऱ्या स्वस्तातल्या ट्यूनिंग बॉक्सची ही ओळखीची खूण होती.

कंपन्या ताकद राखून का ठेवतात, असा प्रश्न साहजिक आहे. चाकणला जुळणी होणारे फोक्सवॅगनचे 1.5 लिटर टीडीआय साध्या पोलोमध्ये 90 पीएस आणि 230 न्यूटन मीटर देई, तर व्हेंटोमध्ये 105 आणि 250. अशा उदाहरणांवरून ‘कंपनीने मुद्दाम दाबून ठेवले आहे’ अशी समजूत पसरली. ती अर्धीच खरी आहे. 2011 च्या मारुती एसएक्स-फोरमधले 90 पीएसचे मल्टिजेट म्हणजे स्विफ्टच्याच इंजिनात तक्ते बदललेले नव्हते. त्याला वेगळा, पात्यांचा कोन बदलणारा टर्बो होता. शिवाय राखून ठेवलेली ताकद उन्हाळा, घाट, भेसळीचे इंधन आणि वेळेवर न बदललेले ऑइल यांच्यासाठी असते. रीमॅप तीच खर्ची घालतो आणि त्याची किंमत आधी क्लचप्लेट मोजते. पोलो जीटी टीएसआयच्या सात गतींच्या डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादा 250 न्यूटन मीटर होती. तिच्यापुढे जाणारा रीमॅप गिअरबॉक्सच्या खर्चाला आमंत्रण देणाराच.

ॲव्हरेज वाढल्याचे दावेही तपासून घ्यावे लागतात. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा ईसीयूच्याच हिशेबातून निघतो. तक्ते बदलले की तो हिशेब चुकू शकतो. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजले तरच खरे काय ते कळते, आणि तसे मोजल्यावर शहरातला फरक बहुधा नगण्य निघतो.

2015 मध्ये साऱ्या प्रश्नाला वेगळीच धार आली. फोक्सवॅगनच्या ईए 189 डिझेल इंजिनांतले सॉफ्टवेअर चाचणी ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी दाखवते, हे अमेरिकेत उघड झाले. भारतात तपासणी केली ती पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या मोटार संशोधन संस्थेने. 1966 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला प्रत्यक्ष रस्त्यावरचे उत्सर्जन निकषांच्या 1.1 ते 2.6 पट आढळले. डिसेंबर 2015 मध्ये कंपनीने 3,23,700 गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या. मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 500 कोटींचा दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला मनाई केली. तक्त्यांतल्या आकड्यांवर शहराची हवा अवलंबून असते, हे यातून प्रथमच सर्वांसमोर आले. पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणी, केंद्रात डिझेलच्या धुराचा फक्त काळेपणा मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइड्स मोजतच नाहीत. त्यामुळे रीमॅप केलेली गाडी पीयूसीत सहज उत्तीर्ण होते आणि बोळातल्या माणसाच्या नाकात काय जाते याची कुठे नोंद राहत नाही. हौसेच्या हिशेबात ही बाजू धरलीच जात नाही, आणि ती धरायला हवी.

2019 मध्ये कायदाही कडक झाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. वॉरंटी जाते आणि विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते, ते निराळेच.

एप्रिल 2020 मध्ये बीएस 6 हे प्रदूषण निकष आले आणि गणितच पालटले. मारुतीने डिझेल सोडले, फोक्सवॅगननेही सोडले. उरलेल्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ आला. ती काजळी जाळायला काही वेळ सलग वेगात धावावे लागते. केळकर रस्त्यावर आणि लक्ष्मी रस्त्यावर खुरडत चालणाऱ्या गाडीला ते साधत नाही आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो. तेव्हा ‘डीपीएफ बंद करून देतो’ असे सांगणारा रीमॅप सरळसरळ बेकायदा आणि घातक आहे. टर्बो पेट्रोल गाड्यांत आजही ताकद वाढते, पण त्यासाठी जास्त ऑक्टेनचे पेट्रोल सतत भरावे लागते. साध्या पेट्रोलवर इंजिन नॉकिंग करू लागते. द्रुतगती मार्गावरही वेगमर्यादा ताशी 100 किलोमीटर असल्याने ती ताकद वापरायला जागा कमीच.

ज्या गाड्यांत रीमॅपने खरोखर काही साधत होते, त्या आता वयस्क झाल्या आहेत. 2007 च्या स्विफ्टची पंधरा वर्षांची नोंदणी 2022 मध्ये संपली. पुढे फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. अशा गाडीचे पिकअप गेले असेल तर आधी टर्बोचे होज, ईजीआर व्हॉल्व्ह, इंजेक्टर आणि क्लच पाहावा लागतो. तिथली दुरुस्ती झाली की बहुतेकदा हरवलेली ओढ परत येते आणि तक्त्यांना हात लावण्याची वेळच येत नाही.