मळणीची धूळ, परागकण आणि दमा : शेतकऱ्यांमधील श्वसनाच्या ॲलर्जीची कारणे, निदान व उपचार

मळणीच्या दिवसांत सतत शिंका येणे, नाकातून पाणी वाहणे आणि रात्री खोकल्याने झोपमोड होणे ही लक्षणे अनेक शेतकरी कुटुंबांत इतकी नेहमीची झाली आहेत की त्यांकडे आजार म्हणून पाहिले जात नाही. हंगाम संपला की त्रास ओसरतो व पुढील हंगामात पुन्हा उद्भवतो. ही लक्षणे ॲलर्जिक सर्दीची किंवा दम्याची असू शकतात. दमा वेळीच ओळखला गेल्यास बहुतेक रुग्ण शेतीची नेहमीची कामे करू शकतात; दुर्लक्ष झाल्यास मात्र एखादा तीव्र झटका जिवावर बेतू शकतो.

विकार कसा होतो?

परागकण, बुरशीचे बीजाणू किंवा धान्यातील कोळी यांसारख्या घटकांना काही व्यक्तींचे शरीर शत्रू समजते व त्यांच्याविरुद्ध इम्युनोग्लोब्युलिन-ई नावाची प्रतिपिंडे तयार करते. तोच घटक पुन्हा श्वासावाटे आत गेल्यास हिस्टामिन व तत्सम द्रव्ये स्रवतात. नाकाच्या अस्तराला सूज आली की ॲलर्जिक सर्दी होते. फुप्फुसातील श्वासनलिका सुजून आकुंचन पावल्या की दमा होतो. नाक व श्वासनलिका हा एकच सलग मार्ग असल्याने हे दोन्ही विकार अनेकदा एकाच व्यक्तीत आढळतात. आनुवंशिकता, चुलीचा धूर व धूम्रपान यांमुळे धोका वाढतो. दमा संसर्गजन्य नाही.

शेतीशी निगडित कारणे

- धान्याची धूळ : मळणी, उफणणी व पोती भरताना उडणाऱ्या धुळीत तूस, बुरशी, किडींचे अवशेष व साठवणुकीतील कोळी असतात.
- गाजरगवत : १९५५ मध्ये पुणे येथे प्रथम नोंदले गेलेले हे तण आज देशभर पसरले आहे. त्याच्या परागकणांमुळे नाकाची ॲलर्जी व दमा, तर स्पर्शामुळे त्वचेचा दाह होतो.
- पशुपालन, कुक्कुटपालन व रेशीम उद्योग : जनावरांचा कोंडा, पिसांची धूळ व रेशीम पतंगांचे खवले.
- धूर : पिकांचे अवशेष व पाचट जाळल्याने निघणारा धूर ॲलर्जी नसलेल्यांच्याही श्वासनलिकांना इजा करतो.

निदान

थंड पाण्यासारखा स्राव, एकापाठोपाठ शिंका, नाक-डोळ्यांना खाज आणि ताप नसणे ही ॲलर्जिक सर्दीची लक्षणे होत. साधी सर्दी साधारणपणे आठ-दहा दिवसांत बरी होते; ॲलर्जिक सर्दी कारण समोर असेपर्यंत टिकते. दम्यात धाप, छातीत घरघर, छाती आवळल्यासारखे वाटणे व रात्री किंवा पहाटे वाढणारा खोकला आढळतो. लक्षणे कमी-अधिक होत राहणे हे दम्याचे वैशिष्ट्य आहे.

दम्याच्या निदानासाठी स्पायरोमेट्री ही चाचणी महत्त्वाची आहे. श्वासनलिका रुंदावणारे औषध देण्यापूर्वी व दिल्यानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा मोजतात. प्रौढांमध्ये त्यात किमान १२ टक्के व २०० मिलिलिटर वाढ झाल्यास दम्याच्या निदानाला बळकटी मिळते. छातीचा एक्स-रे दम्यात बहुधा सामान्यच असतो. पीक फ्लो मीटर या साध्या उपकरणाने कामाच्या व सुटीच्या दिवसांतील नोंदी ठेवल्यास कामाशी असलेला संबंध स्पष्ट होतो. नेमका ॲलर्जीकारक घटक शोधण्यासाठी त्वचाचाचणी करतात.

दोन स्थितींत गफलत होऊ नये. बुरशी आलेला चारा किंवा उसाचा बगॅस हाताळल्यानंतर ४ ते ८ तासांनी थंडी, ताप, कोरडा खोकला व धाप सुरू झाल्यास तो दमा नसून फुप्फुसाच्या ऊतींचा दाह असू शकतो. वारंवार संपर्क आल्यास फुप्फुसांना कायमची इजा होते. फवारणीनंतर धाप लागून लाळ, घाम व डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे ही लक्षणे दिसल्यास ती कीटकनाशकाची विषबाधा समजून रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे व कीटकनाशकाचे वेष्टण सोबत द्यावे.

उपचार

दम्याच्या उपचाराचा पाया म्हणजे श्वासनलिकांची सूज कमी करणारा स्टिरॉइडयुक्त इनहेलर होय. तो लक्षणे नसतानाही डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार चालू ठेवावा लागतो. केवळ साल्ब्युटामॉलने तात्पुरता आराम मिळतो, सूज मात्र तशीच राहते. म्हणून फक्त त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. इनहेलरची ‘सवय लागते’ हा गैरसमज आहे. औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने मात्रा अत्यल्प लागते. स्टिरॉइडयुक्त इनहेलर वापरल्यावर चूळ भरावी. याउलट, घटक न सांगता दिल्या जाणाऱ्या ‘दम्याच्या पुड्यां’मध्ये मिसळलेले स्टिरॉइड दीर्घकाळ पोटात गेल्यास मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा असे दुष्परिणाम होऊ शकतात.

ॲलर्जिक सर्दीसाठी नाकात मारावयाचा स्टिरॉइड फवारा, ॲलर्जीविरोधी गोळ्या व मिठाच्या निर्जंतुक पाण्याने नाक धुणे उपयुक्त ठरते. काही ॲलर्जीविरोधी गोळ्यांनी गुंगी येते; त्या घेऊन ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र चालवू नये.

एक वाक्य पूर्ण बोलता न येणे, ओठ निळसर होणे किंवा इनहेलर घेऊनही आराम न पडणे ही तीव्र झटक्याची लक्षणे आहेत. रुग्णास आडवे न करता बसवून ठेवावे, त्याचा आराम देणारा इनहेलर द्यावा व विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

शिवारातील प्रतिबंध

- मळणी करताना वाऱ्याकडे पाठ ठेवावी. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. उपरण्यातून बारीक कण आत जातात.
- धान्य साधारणपणे १२ टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्यावर साठवावे व चारा पूर्ण वाळवूनच गंज रचावी, म्हणजे बुरशी वाढत नाही.
- गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटावे. ॲलर्जी असलेल्यांनी हे काम स्वतः करू नये. पावसाळ्यात मेक्सिकन भुंग्यांद्वारे जैविक नियंत्रण करता येते.
- पिकांचे अवशेष न जाळता कुजवावेत. काम संपताच स्नान करून कपडे बदलावेत.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

शेतकरी मेळाव्यात तीन साधे प्रश्न विचारावेत : त्रास विशिष्ट कामानंतर वाढतो काय? शेतापासून दूर असताना कमी होतो काय? रात्री खोकल्याने जाग येते काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असल्यास त्या व्यक्तीस प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीसाठी पाठवावे. साल्ब्युटामॉल व ब्युडेसोनाइड ही दोन्ही औषधे राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीत समाविष्ट आहेत. पुढील मळणी सुरू होण्यापूर्वीच ही तपासणी झाल्यास उपचार वेळेवर सुरू होऊन हंगामातील झटके टाळता येतील.